शून्य छापण्याआधी

1994च्या जुलैत नागपुरात 24 तासांत 304 मिलिमीटर पाऊस पडला. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांतच 100 मिलिमीटरच्या वर कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. असा पाऊस किती वर्षांत एकदा, हे काढायला बसलेल्याची पहिली गाठ पडते ती आभाळाशी नव्हे, संगणकाच्या 64 बिटांशी.

एका पर्जन्यमापकाच्या 100 वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे 36,525 दिवस. मॉडेल प्रत्येक दिवसाला 0.7 संभाव्यता देतं असं धरू. लाइकलीहूड म्हणजे या सगळ्यांचा गुणाकार. तो येतो साधारण 10चा उणे 5,658वा घात. 64 बिटांच्या ‘डबल’ या संख्याप्रकारात मावणारी सर्वांत लहान धन संख्या मात्र 4.9 गुणिले 10चा उणे 324वा घात. सहा वर्षांच्या नोंदी संपायच्या आतच विहिरीचा तळ लागतो.

तळाशी जे घडतं ते गमतीचं आहे. 0.5ने गुणत गेलं तर 1,075व्या गुणाकाराला शून्य येतं. 0.7ने गुणत गेलं तर शून्य कधीच येत नाही! शेवटच्या पायरीचा, म्हणजे त्या सर्वांत लहान संख्येचा, 0.7 भाग जवळच्या पायरीला नेला की पुन्हा तीच पायरी. पुढच्या 94 वर्षांच्या नोंदी आल्या काय नि गेल्या काय, उत्तर ढिम्म हलत नाही. शून्य निदान संशय तरी जागवतं. हा आकडा साळसूदपणे अहवालात जाऊन बसतो. त्यात कंपायलरला ‘फास्ट मॅथ’ची मुभा दिलेली असेल, तर तोच प्रोग्राम इथेही शून्य दाखवू शकतो.

उपाय जुनाच: गुणाकाराची बेरीज करणारा लॉग. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी 1948 साली लाइकलीहूड समीकरणावरचा आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हाही संख्याशास्त्रज्ञ लॉग घेतच होते. पण बेरजेचं विकलन सोपं जातं म्हणून. आज तो यंत्रासाठी घ्यायचा. वरच्या उदाहरणाची लॉग-लाइकलीहूड उणे 13,027च्या आसपास येते, आणि ती डबलमध्ये आरामात मावते. संभाव्यतांची बेरीज करायची वेळ आली, तर सर्वांत मोठा लॉग आधी प्रत्येकातून वजा करून मग घात घ्यावेत, आणि बेरजेच्या लॉगमध्ये तो परत मिळवावा. हे काम करणारं लॉग-सम-एक्स्प फंक्शन बहुतेक लायब्ररींत तयार मिळतं.

लॉग घेऊनही माणसं फसतात ती वजाबाकीत. सामान्य वितरणात 9 प्रमाण विचलनांपलीकडची शेपटी ‘1 वजा संचयी संभाव्यता’ अशी काढली की उत्तर शून्य. शेपटीचं स्वतंत्र फंक्शन वापरलं तर 1.13 गुणिले 10चा उणे 19वा घात. धरणाच्या सांडव्याचं गणित करणाऱ्याला तर शेपटीचंच काम असतं.

हल्ली मॉडेलं 16 बिटांच्या हाफ प्रिसिजनवर चालवायची टूम आहे. वेगासाठी ठीक, पण तिथे दहा कोटींत एक ही शक्यताही थेट शून्य होते. निदान संभाव्यतांचा हिशेब तरी 32 किंवा 64 बिटांत ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाचकांना विनंती एवढीच, की अहवालाच्या तक्त्यात संभाव्यतेशेजारी तिच्या लॉगचाही एक रकाना ठेवावा, आणि कुठे 0.000 दिसलं तर सही करण्याआधी कोड उघडून बघावा.