धावपट्टी रिकामी झाली. आता जमीन कोणाची?

जुन्या विमानतळांच्या जागी ‘हरित’ आणि ‘शाश्वत’ नगरे वसविण्याची कल्पना आज जगभर मोठ्या कौतुकाने मांडली जात आहे. बर्लिनचा टेगेल विमानतळ २०२० च्या नोव्हेंबरात बंद झाला. तेथे पाच हजारांहून अधिक घरांची, लाकडी बांधणीवर भर देणारी आणि पावसाचे पाणी जागच्या जागी मुरविणारी वस्ती योजिली आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहराने १९९५ साली स्टेपलटन विमानतळ बंद केला, धावपट्ट्यांचे काँक्रीट फोडून ते पुन्हा वापरात आणले आणि त्या जागी उद्यानांनी वेढलेली नगरी उभारली. या प्रयोगांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. शेजारची भातखाचरे गिळण्यापेक्षा शहराने आपल्याच पोटातील ओसाड डांबर उपयोगात आणावे, हे शहाणपणाचेच आहे. परंतु या कौतुकाच्या भरात एक प्रश्न बाजूला पडतो आणि तो विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. धावपट्टी होण्यापूर्वी ती जमीन कोणाची होती?

सुरगाण्याच्या डोंगरात बसून विमानतळाची चिंता वाहणाऱ्या धर्मगुरूला कोणी हसेल. येथील कुटुंबांना विमान ठाऊक आहे ते डोक्यावरून जाणारे. तरीही या प्रश्नाशी येथील माणसाचा संबंध निकटचा आहे. नागली-वरईची कापणी उरकली की कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि नाशिकच्या बांधकामांवर मजुरीस जातात. शहरांचे मजले चढतात ते अशा डोक्यांवरच्या घमेल्यांनी. इमारत पुरी झाली की हीच माणसे आपली पाले मोडून पुढच्या पायाकडे निघतात. आणखी एक धागा पाण्याचा आहे. येथे पावसाळ्यात डोंगर धो धो वाहतात आणि वैशाखात बाया हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरतात. पण शेजारच्या पेठ-त्र्यंबकेश्वर भागातून वाहणाऱ्या दमणगंगेचे पाणी मुंबईस नेण्याची योजना कागदावर तयार आहे. तेव्हा महानगरातील हिरव्या वस्तीचा हिशेब मांडताना डोंगरातल्या माणसाने त्यात बोलू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जमिनीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बर्लिनला जावयाची गरज नाही. कल्याणपर्यंत गेले तरी पुरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ च्या सुमारास, इंग्रज सरकारने कल्याणजवळील नेवाळी आणि आसपासच्या गावांची सोळाशेहून अधिक एकर जमीन लष्करी धावपट्टीसाठी घेतली. युद्ध संपले, विमाने गेली. गावकरी त्याच मातीत पुन्हा भात लावू लागले. कागदावर मात्र जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. ती युद्धापुरती घेतली होती, असे शेतकरी म्हणतात; ती रीतसर संपादिलेली आहे, असे सरकारी पक्ष म्हणतो. नौदलाने तेथे कुंपणभिंत बांधावयास घेतली तेव्हा २२ जून २०१७ रोजी असंतोषाचा स्फोट झाला. पोलिसांची वाहने जळली, छऱ्यांनी माणसे जखमी झाली. जाळपोळीचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. पण पाऊणशे वर्षे तुंबलेल्या प्रश्नाला केवळ ‘कायदा व सुव्यवस्था’ हे नाव देणे हीही एक प्रकारची हिंसाच आहे. आज कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर ही शहरे त्या माळाला चहूकडून भिडली आहेत. उद्या कोणी तेथे सौरदिव्यांच्या, वृक्षराजीच्या आदर्श नगराचा आराखडा आणला, तर टाळ्या वाजविण्यापूर्वी त्या सातबाऱ्यावर पूर्वी कोणाची नावे होती, हे वाचावे लागेल.

येथे नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आठवते. आपण ती लोभी राजाची कथा म्हणून ऐकतो. त्यातील एक तपशील मात्र सहसा निसटतो. अहाब राजाला तो मळा हवा होता भाजीपाला लावण्यासाठी! आजच्या भाषेत त्याची योजना ‘हरित’च होती. त्याने मोबदलाही देऊ केला होता, त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत. तरीही शास्त्राने त्याला दोषी ठरविले. कारण नाबोथासाठी ती जमीन वाडवडिलांचे वतन होती आणि त्याच्या नकाराला राजाच्या दरबारी काही मोल नव्हते. लेवीय ग्रंथात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाण्याचा नियम सांगितला आहे. नेवाळीच्या शेतकऱ्यांची पन्नासावी वर्षगांठ उलटून तीन दशके झाली.

याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मोबदला एकदा दिला गेला, आता मूळ मालकाचा संबंध काय? आम्ही विचारतो, मोबदला कशाचा दिला? विमाने उतरण्यासाठी लागणाऱ्या शेतजमिनीचा. सार्वजनिक प्रयोजन म्हणून शेतकऱ्याने जे सोडले, ते प्रयोजन संपल्यावर चौरस फुटाच्या भावाने विकले जात असेल, तर तो नवा व्यवहार आहे आणि त्यात त्याच्या वारसांचा वाटा आहे. ही मागणी अद्भुत नाही. नवी मुंबईत जासईच्या परिसरात जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. नव्या विमानतळाच्या वेळी तेच साडेबावीस टक्क्यांवर गेले. येणाऱ्या विमानतळाला जो न्याय लागू होतो, तो जाणाऱ्या विमानतळाला का लागू होऊ नये?

दुसरा आक्षेप पैशाचा. जमीन विकासकांना विकल्यावाचून उद्याने आणि गटारे कशी होणार? येथे हाँगकाँगकडे पाहावे. काय टाक विमानतळ १९९८ साली बंद झाला. त्या जागेवर आज महागडे मनोरे आहेत, हे खरे. परंतु तेथे प्रथम राहावयास आलेल्यांत २०१३ साली सरकारी भाड्याच्या घरांत आलेली कुटुंबे होती. म्हणजे क्रम बदलता येतो. बर्लिनकरांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. टेम्पेलहोफ विमानतळाच्या सुमारे ३०० हेक्टर मैदानाच्या कडेने घरे बांधण्याचा बेत २०१४ साली जनमताने फेटाळला गेला आणि ते मैदान खुले राहिले. तो कौल योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण तेथे लोकांना विचारले गेले, हे नाकारता येत नाही.

शिवाय एक हिशेब सोयीस्कररीत्या झाकला जातो. विमानतळ बंद होतो तेव्हा तो बहुधा दुसरीकडे गेलेला असतो. जुन्या धावपट्टीवर झाडे लावताना नव्या धावपट्टीखाली कोणाची झाडे गेली? पुरंदरच्या सात गावांतील शेतकऱ्यांनी २०२५ साली आपल्या बागा वाचविण्यासाठी जो आक्रोश केला, तो या जमाखर्चात कोठे लिहावयाचा? एका जागी हिरवे आणि दुसऱ्या जागी उजाड, अशा व्यवहाराला शाश्वत म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. बंद पडलेल्या वा पडणाऱ्या कोणत्याही धावपट्टीचा आराखडा मांडण्यापूर्वी जुने फेरफार आणि मूळ खातेदारांची यादी गावाच्या चावडीवर लावावी. वारसांना विकसित जमिनीत वाटा द्यावा. उरलेली जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी, म्हणजे तिची वाढती किंमत समाजाच्या पदरात पडेल. पहिली घरे मजुरांची आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची असावीत. बांधकाम चालू असताना त्यांच्या मुलांसाठी शाळा आणि पाणी असावे.

आणि एक प्रश्न आपल्याच घरांसाठी. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे शहरात नवे घर शोधीत असतात. चर्च किती दूर, पाणी किती वेळ, पार्किंग आहे की नाही, हे आपण बारकाईने विचारतो. ही जमीन कोणाकडून आली आणि तो माणूस आज कोठे राहतो, हेही विचारू या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाण्याचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. ते वनजमिनीचा हक्क मागत होते. दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून त्यांनी अखेरचा टप्पा रात्री चालून काढला. ज्यांच्या पायांची कातडी सोलली असतानाही शहराच्या लेकरांची काळजी सुटली नाही, त्यांच्यासाठी शहराच्या नव्या हिरवळीवर घर असणे हा साधा न्याय आहे.