एकाच पोथीचें वाचन

पहिल्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी आम्हांस अद्याप आठवतो. वर्गांतील इतर मुलें वर्षावर्षानें वाढत गेलीं, तो मात्र होता तेवढाच राहिला. मुलांनीं त्याचें नांव 'वामन' ठेविलें. आम्ही तें ऐकून रागें भरण्याऐवजीं हंसलों. घरचीं माणसें म्हणत, मामाच्या वळणावर गेला आहे. अशा कांहीं मुलांच्या शरीरांत काय घडत असतें, तें सांगण्याचा आजचा विचार आहे.

कवटीच्या तळाशीं, नाकाच्या मुळामागें, हाडाच्या खोबणींत पिट्यूटरी अथवा पीयूषिका ग्रंथि असते. आकार वाटाण्याएवढा, वजन सुमारें अर्धा ग्रॅम. पिट्यूटरी हें नांव लॅटिनमधील कफवाचक शब्दावरून आलें. मेंदूंतील श्लेष्मा या वाटेनें नाकांत उतरतो, अशी जुन्या युरोपीय वैद्यांची समजूत होती. वाचकांनीं त्यांस हंसूं नये. कफाच्या माथीं आपणहि कांहीं थोडें मारलेलें नाहीं.

या ग्रंथीच्या पुढील भागांत मुख्यत्वें पांच जातींच्या पेशी असतात. एक जात वाढीचें संप्रेरक करते, दुसरी स्तन्य उत्पन्न करविणारें, तिसरी गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीस चालना देणारें टीएसएच. उरलेल्या दोन अधिवृक्क व जनन ग्रंथींकडे पाहतात. गंमत अशी कीं, या पांचांहिजवळ डीएनएची पोथी एकच. वाढीच्या संप्रेरकाचें जनुक हाताच्या कातडीच्या पेशींतहि आहे. पण तें उघडून वाचण्याचा अधिकार बहुतेक एकाच जातीला. वाड्यांत चारी वेदांच्या पोथ्या असाव्या आणि प्रत्येक भावानें आपापल्या शाखेचीच म्हणावी, तसा हा प्रकार होय.

हा अधिकार देतात तीं जनुकाच्या आरंभीं डीएनएवर बसणारीं प्रथिनें. त्यांपैकीं 'पिट-वन' हें १९८८ सालीं ओळखण्यांत आलें. वरील पहिल्या तीन जाती घडण्यास तें अवश्य आहे. तथापि तें एकटें निर्णय करीत नाहीं. शेजारीं साहाय्यक कोण आहे, यावर जनुक उघडावयाचें कीं मिटून ठेवावयाचें हें ठरतें. मेंदूची आज्ञा निराळीच: ती सूक्ष्म शिरांवाटे उतरते, पेशीच्या पृष्ठभागास भिडते, आणि आंत जनुकाच्या नकला अधिक वेगानें निघूं लागतात.

१९२९ सालीं अमेरिकेंत जॉर्ज स्नेल यांनीं जन्मतः खुज्या उंदरांच्या एका वंशाचें वर्णन केलें. १९९० सालीं समजलें कीं, त्यांच्या पिट-वनच्या जनुकांत एकच अक्षर बदललेलें आहे. तेवढ्यानें तिन्ही जातींच्या पेशी नाहींशा! व्याकरण शिकवितांना एका मात्रेच्या चुकीबद्दल आम्ही मुलांचे गुण कापीत असूं. निसर्ग आमच्याहून कठोर दिसतो. १९९२ सालीं माणसांतहि या जनुकाचे दोष आढळले.

अशा बालकांची थायरॉइडहि मंद असते, आणि येथें एक खोंच आहे. नवजात बालकाच्या टांचेचें रक्त घेऊन पुष्कळ ठिकाणीं केवळ टीएसएच पाहतात. तें वाढलेलें दिसलें म्हणजे थायरॉइड बिघडली असें समजतात. परंतु दोष पीयूषिकेंतच असेल, तर टीएसएच वाढणार कसें? चांचणी निर्दोष ठरते, आणि निपचीत पडून राहणाऱ्या मुलास घरांत 'किती शहाणें बाळ' म्हणतात.

वाढीचें संप्रेरक पूर्वीं मृतांच्या ग्रंथींतून काढीत. त्यांतून मेंदूचा प्राणघातक रोग जडल्याचें दिसल्यावर १९८५ सालीं अमेरिकेंत तें बंद झालें, आणि त्याच वर्षीं जंतूंकडून करविलेल्या संप्रेरकास तेथें परवानगी मिळाली. मात्र हाडांच्या टोकांशीं असलेले वाढीचे पट्टे सांधण्यापूर्वींच त्यानें उंची वाढते. म्हणून दाराच्या चौकटीवर दर वाढदिवशीं रेघ ओढावी. चौथ्या वर्षापुढें दोन रेघांत सुमारें ५ सेंटिमीटरांचेंहि अंतर पडत नसेल, तर मामाचें वळण बाजूस ठेवून डॉक्टरांस दाखवावें. ठेंगणीं मुलें बहुधा निरोगीच असतात, हें खरें. पण तें रेघ पाहून ठरवावें. आमच्या त्या विद्यार्थ्याची उंची आम्ही दरवर्षीं शाळेच्या वहींत स्वहस्तें लिहीत होतों.