रद्दी कोणती आणि संग्रह कोणता?

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामायेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या एका स्नेह्यांचे जुने घर आहे. त्या घराच्या माडीवर एक पत्र्याची पेटी आहे, आणि गेल्या दिवाळीपासून त्या पेटीवरून घरात दोन तट पडले आहेत. पेटी स्नेह्यांच्या वडिलांची. तीत जे काही आहे ते एकाच माणसाविषयी आहे : कर्नल सी. के. नायडू. वडिलांनी शाळकरी वयात, १९३२ साली, हे कागद जमवावयास आरंभ केला, आणि १९६७ च्या नोव्हेंबरात इंदुराहून नायडूंच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हा तिचे कात्रण चिकटवून तो उद्योग थांबविला. वडील गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली.

स्नेह्यांचे चिरंजीव बंगळुरास नोकरीत आहेत. मुलगा हुशार आहे, आजोबांविषयी त्याच्या मनात आदरही आहे. परंतु अमेरिकेत बेसबॉलच्या एकेका खेळाडूची कार्डे जमविणारे लोक जे नियम पाळतात ते त्याने अभ्यासिले आहेत, आणि नव्या विद्येचा सोस मोठा असतो. त्या लोकांत हा एक शास्त्रार्थच होऊन बसला आहे. खेळाडू एकटा असलेले कार्डच धरावे की संघाचेही धरावे? तेच चित्र निराळ्या रंगाच्या कडेने छापले तर ते दुसरे मोजावे काय? पुनर्मुद्रण चालते काय? खेळाडू निवृत्त झाल्यावर निघालेले कार्ड संग्रहात येते काय? ह्या शास्त्राच्या आधारे व एका व्यापाऱ्यास मोबाइलवरून छायाचित्रे धाडून त्याने निकाल आणविला तो असा : एक स्वाक्षरी, डाकखात्याच्या १९९६ च्या तिकिटाचे पहिल्या दिवसाचे पाकीट, आणि दोन स्वच्छ छायाचित्रे, एवढाच संग्रह. उरलेले सारे कबाड्याला. "काका, ह्या बाकीच्या कागदांना कुणी विचारत नाही," असे त्याने आम्हांस सांगितले. आमचा वाद ह्या एका वाक्याशी आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. काहीही फेकू नये असे आमचे म्हणणे नाही. संग्रह म्हटला की निवड आलीच. जो निवडीत नाही तो संग्रह नव्हे, ते कोठार. निवडीची कसोटी कोणती, हाच प्रश्न आहे. आणि जी कसोटी परक्या खेळाच्या परक्या बाजारातून उसनी आणली आहे, ती येथे लावली तर काय होते? नायडूंचा संग्रह जवळजवळ नाहीसाच होतो! अमेरिकेत १९०९ ते १९११ च्या सुमारास तंबाखूच्या कंपनीने पाकिटागणिक खेळाडूचे चित्र घातले. इंग्लंडात प्लेयर्स आणि विल्स यांनी क्रिकेटपटूंचे संच काढले. आमच्याकडील शाळकरी पोरास खेळाडू भेटला तो वर्तमानपत्राच्या पानावर, जाहिरातीत आणि वाचनालयाच्या मेजावर. त्याच्या संग्रहात कार्डे नाहीत हा त्याचा दोष नव्हे.

आणि त्या शास्त्राचा आद्य आचार्य तरी काय म्हणत होता? अमेरिकन कार्डांची पहिली मोठी सूची जेफरसन बर्डिक नावाच्या गृहस्थाने १९३९ साली काढली. सिराक्यूज गावचा हा साधा कारागीर. संधिवाताने हात आखडलेले. सिगारेटची, मिठाईची, जाहिरातीची, टपालाची, मिळतील ती छापील चित्रे त्याने गोळा केली. तीन लाखांहून अधिक कागदांचा तो संभार त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला, तेथे बसून स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यांवर चिकटविला, आणि १९६३ मध्ये ते काम उरकल्यावर थोड्याच आठवड्यांत तो वारला. मौज अशी की आज कार्डांना गुण देणारे परीक्षक डिंकाचा डाग दिसताच कार्डाची किंमत उतरवितात. होनस वॅग्नरचे ते सुप्रसिद्ध कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरांस विकले गेले. त्या कार्डाच्या मालिकेस आज जे नाव आहे ते बर्डिकच्याच सूचीतून आलेले. ज्याने नाव दिले तो आजच्या परीक्षेस बसता तर डिंकामुळे नापास झाला असता.

आता पेटीकडे येऊ.

तीत १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावरील संघाचे वर्तमानपत्रात आलेले चित्र आहे. चिरंजीवांच्या मते हे बाद, कारण नायडू त्यात अनेकांतले एक. आमच्या मते हे चित्र त्या दोन स्वच्छ छायाचित्रांहून मोलाचे आहे. एकट्या नायडूंकडे पाहून कोणास कळावे की त्या दौऱ्याचे नायक पोरबंदरचे महाराज होते व उपनायक लिमडीचे घनश्यामसिंहजी? दोघेही बाजूला राहिले म्हणून २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीत नायकपद नागपूरच्या ह्या माणसाकडे आले. पहिल्या डावातील त्यांच्या ४० धावा संघात सर्वाधिक होत्या. माणूस कोणांमध्ये उभा होता हे पुसून टाकले की तो किती उंच होता हेही कळेनासे होते.

दुसरे, लिव्हर टॉनिकची जाहिरात. १९४१ साली बाथगेट कंपनीच्या यकृताच्या औषधासाठी नायडूंचे नाव वापरले गेले. हिंदी क्रिकेटपटूने एखाद्या मालाची शिफारस करण्याचा तो पहिला प्रसंग समजतात. चिरंजीवांना ह्या कागदाची लाज वाटते. खुद्द आमच्या स्नेह्यांनाही थोडी वाटते, असे आम्हांस दिसले. का वाटावी? त्या वेळी नायडूंचे वय पंचेचाळिशीचे. त्या वयाच्या माणसाचे नाव घेतल्याने औषध खपेल असा हिशेब एका व्यापाऱ्याने केला, ह्याहून त्यांच्या लोकप्रियतेचा रोकडा पुरावा दुसरा कोणता? स्तुतिलेख फुकट लिहिता येतो. जाहिरातीला पैसे मोजावे लागतात. हा कागद संग्रहात पहिल्या पाचांत धरावा असे आमचे मत आहे.

तिसरी अडचण खरी आहे, आणि ती चिरंजीवांनीच दाखविली हे कबूल केले पाहिजे. पुष्कळ धावफलकांत नुसते 'नायडू' असे छापले आहे. हे नायडू कोणते? धाकटे बंधू सी. एस. हेही होळकर संघात होते, आणि मोठे गोलंदाज होते. मार्च १९४५ मध्ये मुंबईविरुद्ध रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी दोन्ही डाव मिळून ९१७ चेंडू टाकले. पेटीतल्या त्या सामन्याच्या कात्रणावर आजोबांनी निळ्या पेन्सिलीने 'धाकटे' असे लिहिले आहे व कात्रण मात्र ठेवले आहे. आम्हांस वाटते त्यांनी बरोबर केले. ज्या सामन्यात दोघे खेळले तो थोरल्यांचाही सामना आहे. पण जेथे केवळ धाकटेच खेळले ती पाचसात कात्रणे खुशाल वेगळी काढावीत. त्यांचा निराळा लिफाफा करावा.

चवथी वस्तू एक वही आहे, आणि खरे सांगावयाचे तर हा लेख त्या वहीसाठीच लिहिला आहे. १९३२ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात आजोबांपाशी वर्तमानपत्र घेण्यास पैसे नव्हते. नागपूरहून रेल्वेने 'हितवाद' येई तो वाचनालयात, आणि वाचनालयाचा अंक कापता येत नसे. मुलगा रोज जाई, शिसपेन्सिलीने धावा उतरून घेई, आणि घरी येऊन शाईने त्या वहीत लिही. इंग्लिश गावांची नावे देवनागरीत, त्याला जशी ऐकू आली असतील तशी. त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत १६१८ धावा काढल्या. वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज आहे, ती १६०२ येते. कोठेतरी सोळा धावा चुकल्या आहेत. ती चूक कोणत्या सामन्यात झाली ते आम्ही एक दुपारभर शोधले, सापडली नाही.

चिरंजीवांचा निर्णय : वही छापील नाही, नायडूंच्या हातची नाही, आकडे चुकीचे आहेत, सबब ही 'घरगुती आठवण', संग्रहाचा भाग नव्हे. आम्ही विचारतो, मग स्वाक्षरी का धरिली? त्या चिठोऱ्यावर 'सी. के. नायडू' असे इंग्रजीत आहे, बस्स. ती कोठे घेतली, कोणी घेतली, घरात कोणासही ठाऊक नाही. आजोबा इंदुरास कधी गेल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. व्यापाऱ्याने फोटो पाहूनच तिला सर्वाधिक किंमत सांगितली! ज्या कागदाचा जन्म ठाऊक नाही तो शिरोधार्य, आणि ज्याची तारीखवार हकीकत पानोपानी लिहिली आहे तो कबाड्याला, हा न्याय कोणत्या दरबारचा?

आमची कसोटी सांगतो. कोणास पटो वा न पटो. नायडू खेळत असताना, त्यांच्या खेळापायी जो कागद अस्तित्वात आला, तो संग्रहात. मग तो संघाचा असो, औषधाचा असो, शाळकरी पोराचा असो, चुकीचा असो. जो त्यांच्यामागून केवळ त्यांच्या नावाकरिता निघाला, तो बाहेर.

आता ही कसोटी आमच्या स्नेह्यांवरही पडते, आणि येथे त्यांचा आमच्यावर राग आहे. वडिलांच्या पेटीत त्यांनी स्वतः भर घालावयास सुरुवात केली ती सी. के. नायडू करंडकाच्या वृत्तांतांची. तेवीस वर्षांखालील मुलांची ही स्पर्धा. छत्तीसगढचा संघ २०१६ पासून रणजी करंडकात खेळू लागला, तेव्हापासून रायपूरच्या पोरांची नावे ह्या वृत्तांतांत येतात, आणि स्नेह्यांना त्याचा अभिमान आहे. अभिमान आम्हांसही आहे. परंतु करंडकाला नाव दिल्याने करंडक म्हणजे नायडू होत नाहीत. ह्या हिशेबाने महात्मा गांधी मार्गावरील प्रत्येक दुकानाची पावती गांधीजींच्या संग्रहात जाईल. ती कात्रणे छत्तीसगढच्या क्रिकेटचा निराळा संग्रह म्हणून ठेवा, अवश्य ठेवा; ह्या पेटीत नको.

डाकखात्याने १९९६ मध्ये देवधर, मर्चंट आणि मंकड यांच्या जोडीने नायडूंचेही तिकीट काढले, ते आमच्या कसोटीने बाहेरच पडते. मृत्यूनंतर जवळपास तीस वर्षांनी निघालेला तो सरकारी नमस्कार. पण पेटीत त्याच तिकिटाची एक वापरलेली प्रतही आहे. नागपूरच्या आत्याबाईंनी भावाला पाठविलेल्या पत्रावर, रायपूरच्या शिक्क्यासह. आत म्हटले आहे की तुझ्या नायडूंचे तिकीट मुद्दाम शोधून लावले आहे. चिरंजीव म्हणतात पाकीट ठेवा, पत्र फेका. आम्ही म्हणतो दोन्ही बाहेर, आणि दोहोंपैकी एकच आत घ्यावयाचे झाले तर पत्र घ्या. कसोटी मोडते हे आम्ही जाणतो. मोडू द्यावी.

नागपूरच्या तेलुगू घरात १८९५ साली जन्मलेला हा माणूस पुढे होळकरांच्या इंदुरास जाऊन राहिला. तो नागपुरात खेळत होता तेव्हा नागपूर व रायपूर एकाच मध्यप्रांतात होते. आज त्या तीन शहरांची तीन राज्ये आहेत. परप्रांतात राहून मराठी मासिक वाचणाऱ्यांस ह्यावर अधिक भाष्य नको. पुरानी बस्तीतल्या मुलाला तो आपला का वाटला असेल, हे त्या वहीखेरीज कोणत्याही व्यापाऱ्याच्या यादीत सापडणार नाही.

चिरंजीव येत्या महिन्यात पुन्हा रायपुरास येणार आहेत आणि कबाड्याला सांगून ठेविले आहे. आमची त्यांस एवढीच विनंती की जाताना स्वाक्षरी हवी तर विकावी, व्यापारी देईल ते पैसे घ्यावेत. वही स्नेह्यांनी आमच्या स्वाधीन केली आहे. त्या सोळा धावा सापडेतो ती परत मिळणार नाही.