विश्लेषण : पुरात दुकानाबरोबर हिशेबही का बुडतो? छोट्या व्यावसायिकांनी कोणती तयारी करावी?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरानंतर भिजलेल्या मालाचे पंचनामे होतात. मात्र बिलिंगच्या संगणकातील उधारी आणि साठ्याच्या नोंदी पंचनाम्यात दिसत नाहीत. दुकान पुन्हा उभे करताना पहिली गरज त्यांचीच लागते.

नेमके काय जाते?

बहुतेक छोट्या दुकानांत संगणकाचा सीपीयू टेबलाखाली, जमिनीलगत असतो. टॅलीचा डेटा त्यातच आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. त्यामुळे दोन-तीन फूट पाणीही सगळे संपवायला पुरते. यातील काही माहिती परत मिळते. भरलेली विवरणपत्रे जीएसटी पोर्टलवर असतात, पुरवठादारांनी दाखवलेल्या खरेदीचा तपशील जीएसटीआर-२बीमध्ये दिसतो आणि खात्याचा उतारा बँक देते. पण किरकोळ ग्राहकांची उधारी आणि त्या दिवशीचा शिल्लक साठा दुकानाबाहेर कुठेच नोंदलेला नसतो.

भरपाईशी याचा संबंध काय?

‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठीची प्रमाणित विमा पॉलिसी एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे आणि त्यात पुराचाही समावेश आहे. पण दुकानात किती माल होता, हे सर्व्हेअरला कागदोपत्री दाखवावे लागते. साठ्याची नोंद नसेल तर दावा लांबतो किंवा रक्कम घटते. शिवाय नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावे लागते. नेमका कोणता माल गेला हे सांगता आले नाही, तर हा हिशेबही अडतो.

कायदा काय सांगतो?

वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने नोंदी जपणे जीएसटी कायद्यात बंधनकारक आहे. केंद्रीय जीएसटी नियमावलीतील नियम ५७ इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या बॅकअपबाबत आहे. अपघात किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या, तर त्या वाजवी वेळेत परत मिळवता याव्यात, असे तो सांगतो. म्हणजेच बॅकअप ऐच्छिक नाही.

बॅकअप कसा असावा?

‘३-२-१’ हे सूत्र सोपे आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातील एक दुकानाबाहेर. दुकानातील संगणक, घरी नेलेली हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढ्यात हे भागते. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा मोफत मिळते आणि छोट्या दुकानाच्या हिशेबाला ती सहसा पुरते. मात्र सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. संगणकावरची फाइल बिघडली की सिंकमध्ये बिघडलेलीच प्रत वर जाते. म्हणून तारीखवार वेगळ्या प्रती ठेवाव्यात. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर त्या उघडून पाहाव्यात. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच.

इशारा मिळाल्यावर वेळ किती?

हे गावावर अवलंबून आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी हे आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. तेथे पाणी टप्प्याटप्प्याने चढते, त्यामुळे इशारा पातळीलाच संगणक वरच्या मजल्यावर हलवता येतो. कोकणातील नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. रात्रभरच्या पावसाने पहाटे, शटर बंद असतानाच पाणी आत येऊ शकते. अशा ठिकाणी बॅकअप रोज रात्री आपोआप होणे हाच मार्ग. सीपीयू, राउटर आणि इन्व्हर्टर पावसाळ्यापूर्वीच, मागच्या पुराच्या खुणेच्या वर बसवणेही गरजेचे.

वीज आणि नेटवर्क गेले तर?

मोबाइल टॉवर बॅटरी आणि डिझेलवर मर्यादित काळच चालतात. नेटवर्क नसले की यूपीआय थांबते, ओटीपीही येत नाही. त्यामुळे थोडी रोकड आणि स्वतंत्र क्रमांकमालिकेचे छापील बिल बुक जवळ असावे. क्लाउड खात्याचे रिकव्हरी कोड, पॉलिसी क्रमांक आणि सीएचा फोन नंबर कागदावर लिहून घरी ठेवावेत. ओटीपीचे सिम असलेला फोनच वाहून गेला, तर क्लाउडवरचा बॅकअपही लगेच हाती येत नाही.

पाणी ओसरल्यावर काय टाळावे?

‘चालतो का बघू’ म्हणून भिजलेला संगणक सुरू करणे. गाळ गेलेली हार्ड डिस्क फिरली की वाचण्याजोगा डेटाही खरवडला जातो. ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्यावी. साफसफाईपूर्वी माल, यंत्रे, त्यांचे सिरियल क्रमांक आणि भिंतीवरील पाण्याची खूण यांचे फोटो काढावेत. विमा कंपनीला तातडीने कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेली यंत्रे भंगारात देऊ नयेत.