ढोरे सुटली, आता मेलेली यंत्रे?

फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि अवघे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, कचऱ्यात बुडाले. शहराला तेव्हा कचरा दिसला. तो वेचून पोट भरणारी माणसे दिसली नाहीत.

आता कचऱ्यात मोबाईल, संगणक, टीव्हीही आले. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा झाला. उरलेल्यातला बराचसा भंगारात जातो. तांब्यासाठी वायर जाळली की धूर कोणाच्या छातीत जातो? तेजाबाने सोने काढताना हात कोणाचे भाजतात?

बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडायला सांगितले. मग मेलेली यंत्रे आपल्याच लेकरांनी का ओढावीत?

1 एप्रिल 2023 पासून नवे नियम लागू आहेत. कंपन्या नोंदणीकृत कारखान्यांकडून पुनर्चक्रीकरणाची प्रमाणपत्रे घेतात. धंदा वाढला, पण वेचणाऱ्याच्या हाती काय? याच नियमांत सुटे भाग करणाऱ्या कामगारांची नोंदणी, त्यांचे गट, प्रशिक्षण व आरोग्य ही जबाबदारी राज्याच्या कामगार खात्यावर आहे. औद्योगिक वसाहतीत जागा राखणे उद्योग खात्याचे काम आहे.

तेव्हा मागणी सरळ आहे. वेचणाऱ्यांचीही नोंदणी करा. वाळूज, शेंद्र्यात त्यांच्या गटांना शेड द्या. आम्हाला दया नको. कारखान्यात मालकीचा वाटा हवा. कार्यकर्त्यांनी हे नियम घेऊन कामगार कार्यालय गाठावे.