कार्ड पाच लाखाचं, गोळी उधारीची
(नांदूरघाट, ता. केज, जि. बीड येथून)



नांदूरघाटच्या आसपासच्या वस्त्यांवर पाणी पोचलं नाही, रस्ता पोचला नाही, सातबाऱ्यावर नाव लागलं नाही. पण आयुष्मानचं कार्ड मात्र घरोघर पोचलं. कार्डावर फोटो आहे, नंबर आहे. पाच लाखापर्यंत सगळं फुकट, असं सांगून ते हातात दिलं गेलं. लोकांनी ते पिशवीत गुंडाळून आढ्याला बांधून ठेवलंय. आणि त्याच झोपडीतली म्हातारी बीपीची गोळी एक दिवसाआड खाते. का? तर पाकीट लवकर संपू नये म्हणून.

कार्ड आणि ही उपासमारीची गोळी एकाच घरात कशी काय नांदतात, हे या अंकात मांडायचं आहे.

जमिनीच्या पत्रकात औषधाचं काय काम, असं कुणी विचारील. काम आहे. गायरानासाठी आणि वनजमिनीसाठी आपण मोर्चे काढले, केसेस अंगावर घेतल्या, वनखात्याच्या काठ्या खाल्ल्या. एवढं करून कसलेली जमीन हातातून कशी जाते ते आपल्याला ठाऊक आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे पट्टा वारसाला जातो, तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कायदा बरोबर आहे. पण घरात दुखणं आलं की साध्या बाँडवर सही होते आणि तीन-चार वर्षांसाठी शेत दुसऱ्याच्या नांगराखाली जातं. कागदावर नाव आपलं, पीक त्याचं. ज्याच्याकडं पट्टाच नाही तो मुकादमाकडून उचल घेतो आणि कोयता उचलून कारखान्यावर जातो. लग्नाचं कर्ज एकदा होतं. गोळीचं कर्ज दर महिन्याला होतं.

हिशोब मांडून बघा. नवरा-बायको दोघांना मिळून महिन्याला १,२०० रुपयांची औषधं लागतात असं धरा. वर्षाचे झाले १४,४००. रोजगार हमीचा आपल्या राज्यातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे ४६ दिवसांची मजुरी नुसती औषधाच्या दुकानात गेली. त्यात एस.टी.चं भाडं नाही, डॉक्टरची फी नाही, बुडालेला रोज नाही. हे पैसे कार्ड देतं का? एक रुपया देत नाही.

कार्ड कशाला चालतं, कशाला नाही

आधी कार्डाची गोष्ट समजून घेऊ. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. बीडला ती २१ नोव्हेंबर २०१३ ला आली, बाकी सगळ्या राज्याबरोबर. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव दिलं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखाची, आणि मग दोन्ही एकत्र केल्या. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाख, असं जाहीर झालं.

नाव बदललं, रक्कम वाढली, पण योजनेचा सांगाडा तोच राहिला. पेशंट दवाखान्यात भरती पाहिजे. दुखणं यादीत पाहिजे. दवाखाना यादीत पाहिजे. तिन्ही जुळलं तर कार्ड चालतं. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस अशा वेळी ते कामाला येतं, कुणाचा तरी जीव त्यानं वाचलेला आहे. म्हणून आम्ही कुणालाही कार्ड फेकून द्या म्हणत नाही. काढा, जपा, आणि यादीतल्या दवाखान्यानं कार्ड असताना पैसे मागितले तर आरोग्यमित्राला गाठा, १५५३८८ वर फोन करून तक्रार नोंदवा.

पण आयुष्मानच्या नियमात घरी सोडल्यावरच्या १५ दिवसांची औषधं बसतात. सोळाव्या दिवसापासून आपले आपण. बीपी, साखर, दमा, फिट, आणि सातपुड्यातल्या व गडचिरोलीतल्या आपल्या भावांचा सिकलसेल, ही दुखणी पंधरा दिवसांची असतात का? ती जन्माची असतात. त्यासाठी कुणी खाटेवर भरती होत नाही, गोळी घेऊन कामाला जातो. ती गोळी मिळाली नाही तर एक दिवस लकवा मारतो, किडनी जाते. मग मात्र कार्ड चालतं! म्हणजे आधी माणूस मोडू द्यायचा आणि मोडल्यावर दवाखान्याला बिल द्यायचं. सरकारच्याच नमुना पाहण्या पुन्हा पुन्हा सांगतात की भरती न होता जो इलाज होतो, त्यात लोकांच्या खिशातला सगळ्यात मोठा खर्च औषधाचा आहे. नेमकी तीच बाजू योजनेनं उघडी सोडली.

दुसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. कार्डाचा पैसा ऑपरेशनच्या दरानं दवाखान्याला मिळतो. जिथं पैसा कापण्यावर मिळतो तिथं कापाकापी वाढते. २०१२ साली छत्तीसगडमध्ये विमा कार्डाच्या पैशासाठी बायांच्या पिशव्या काढल्याचं उघडकीला आलं. आपल्या बीडमध्ये तर कार्डाचीही गरज लागली नाही, मुकादमाची उचल पुरली. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेली बाई, तिला कॅन्सरची भीती घातली, आणि तिशी-पस्तिशीत तिचं शरीर रिकामं केलं. वेळेला तपासणी आणि औषध गावाजवळ मिळालं असतं तर यातल्या कितीतरी बाया चिरफाडीतून वाचल्या असत्या. ऑपरेशनचे पैसे त्यांनी पुढचे किती हंगाम ऊस तोडून फेडले, त्याचा हिशोब कुठल्या समितीनं मांडला?

गोळी महाग का?

औषध बनवायलाच महाग पडतं, असं आपल्याला सांगतात. मग जनऔषधीच्या दुकानात तेच औषध कसं मिळतं? ५० ते ९० टक्के स्वस्त, अशी सरकारच जाहिरात करतं. २००८ पासून ही दुकानं आहेत. गोळी तीच, गुण तोच, फक्त कंपनीचं ठेवलेलं नाव नाही. म्हणजे वरचा पैसा कशाचा? नावाचा, जाहिरातीचा, दुकानदाराच्या आणि डॉक्टरच्या वाट्याचा. पाकिटावरची किंमत कंपनी छापते आणि आपण ती देवाचा शब्द समजून मोजतो.

सरकारच्या हातात लगाम नव्हता असं नाही. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीनं सांगितलं होतं, की ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं काढा आणि औषध मूळ नावानं विका. ते गुंडाळून ठेवलं. १९७९ साली ३४७ औषधांच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं. १९८७ ला ती १४२ वर आली. १९९५ ला ७४ वर. दर खेपेला लगाम ढिला. २०१३ साली आवश्यक औषधांच्या यादीतल्या ३४८ औषधांना नियंत्रण लावलं म्हणून गाजावाजा केला, पण पद्धतच बदलून टाकली. आधी औषध बनवायला किती खर्च येतो ते बघून किंमत ठरायची. आता बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त विक्री असलेल्या कंपन्यांच्या किमतींची सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे, आणि तीच कमाल किंमत. म्हणजे खळ्यावरच्या चोरालाच विचारायचं, बाबा, किती पोती नेऊ देऊ? वर दरसाल महागाईच्या आकड्याप्रमाणे वाढ. २०२२ च्या एप्रिलात १०.७७ टक्के, २०२३ च्या एप्रिलात १२.१२ टक्के वाढीला परवानगी मिळाली. यादीबाहेरच्या औषधांना तर कमाल किंमतच नाही, दरवर्षी १० टक्के खुशाल वाढवा. आपल्या मजुरीत सलग दोन वर्षं अशी वाढ झालेली कुणी बघितलीय का?

आणि मनात आणलं तर सरकार काय करू शकतं, तेही बघा. हृदयाच्या नळीत बसवतात त्या स्टेंटची किंमत १३ फेब्रुवारी २०१७ ला एका हुकमानं बांधून दिली. साधी ७,२६० रुपये, औषध लावलेली २९,६००. त्याआधी औषध लावलेलीला सरासरी लाखाच्या वर मोजावे लागत. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापाऱ्याचा नफा ३० टक्क्यांवर बांधला, आणि काही ब्रँडच्या किमती ९० टक्क्यांपर्यंत उतरल्या. त्यानं बाजारातली औषधं संपली नाहीत, कंपन्यांना टाळं लागलं नाही. मग बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या सगळ्या गोळ्यांना हाच न्याय का नाही? आम्ही हे विचारत राहणार.

फुकट केसपेपर आणि बाहेरची चिठ्ठी

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत झाले. चांगलं झालं. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं मात्र दुसऱ्या खात्याची, ती यातून वगळली. म्हणजे दुखणं जितकं मोठं, तितकं फुकटचं दूर. आणि जिथं मोफत आहे तिथंही आपला अनुभव काय? केसपेपर फुकट, डॉक्टरनं तपासलं फुकट, आणि शेवटी, “ही गोळी संपलीय, बाहेरून आणा.” त्या चिठ्ठीवर मोफत इलाज संपतो.

जे औषध येतं ते तरी खरं असावं ना? डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला बनावट अझिथ्रोमायसिन गोळ्या पुरवल्या गेल्याच्या प्रकरणात पुरवठादारांवर गुन्हा दाखल झाला. केज, धारूर, परळीकडची गोरगरीब माणसं जिथं शेवटची आशा म्हणून जातात, त्या रुग्णालयात! जंतू मारायची गोळी म्हणून पेशंट जे गिळत होता, ते औषधच नव्हतं. औषध आधी तपासायचं आणि मग वाटायचं, एवढी साधी गोष्ट जमली नाही. खरेदीचं काम २०१७ ला हाफकिनकडं दिलं, २०२३ ला त्यासाठी वेगळं प्राधिकरण केलं. पाट्या बदलल्या, कपाटं रिकामीच.

दुसरीकडं जमलंय. तामिळनाडूनं १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतःचं महामंडळ काढलं. मूळ नावानं घाऊक खरेदी करायची, प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासायची, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम ठेवायचं. राजस्थानानं तोच रस्ता धरून २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत औषध सुरू केलं. राजस्थान काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नाही. तेव्हा पैसा नाही हे कारण आम्हाला सांगू नका. विम्याच्या हप्त्याला पैसा आहे, खासगी दवाखान्याच्या बिलाला पैसा आहे, कार्डावरच्या फोटोला पैसा आहे. गोळीलाच कसा नाही?

आपण काय मागायचं, काय करायचं

१. प्रत्येक उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी, साखर, दमा, फिट, सिकलसेलची औषधं एका वेळी महिनाभराची, मोफत मिळाली पाहिजेत. साप-विंचवाची लस बारा महिने शिल्लक पाहिजे.

२. आज कुठलं औषध आहे, कुठलं संपलं, हे फळ्यावर लिहिलं पाहिजे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत लोकांनीच आरोग्य केंद्रांवर देखरेख करून जनसुनावण्या घेतल्या, डॉक्टर-अधिकाऱ्यांना चारचौघांत उत्तर द्यायला लावलं. तिथल्या साथींना हे नवीन नाही. आपण इकडं सुरू करू.

३. “बाहेरून आणा” म्हटलं की तारीख आणि शिक्का घालून लिहून मागा. तोंडी ऐकून परत फिरू नका. चिठ्ठ्या आणि दुकानाच्या पावत्या वस्तीवर एका पिशवीत जमवा. तहसीलवर जाताना ती पिशवी आपला पुरावा.

४. औषधाची किंमत बनवायच्या खर्चावरून ठरली पाहिजे, आणि यादीतल्याच नाही तर सगळ्या औषधांची. डॉक्टरनं चिठ्ठी मूळ नावानं लिहिली पाहिजे.

५. राज्यानं तामिळनाडूसारखी खरेदी करावी आणि तपासल्याशिवाय एक गोळी दवाखान्यात जाऊ देऊ नये. बनावट औषध पुरवणाऱ्यावर खटला चालून शिक्षा झाली पाहिजे, नुसता गुन्हा नोंदवून भागणार नाही.

६. जंगलातल्या गावात दवाखाना मागितला की जागा वनखात्याची आहे म्हणतात. त्यांना वनहक्क कायद्याचं कलम ३(२) दाखवा. ग्रामसभेनं शिफारस केली तर दवाखान्यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. शाळा, अंगणवाडी, रस्ता त्याच कलमात आहे. पेसातल्या गावांनी आणि आमच्यासारख्या पेसाबाहेरच्या वस्त्यांनीही येत्या ग्रामसभेत हा ठराव लिहून घ्यावा आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल खिशात ठेवावी.

साथींनो, जमीन मिळवणं ही अर्धी लढाई. ती टिकवणं ही उरलेली अर्धी, आणि ती दवाखान्याच्या खिडकीवर लढायची आहे. पट्टा मिळालेला माणूस औषधावाचून अंथरुणाला खिळला तर त्या पट्ट्यावर कोण नांगर धरणार? कार्ड वाटून फोटो काढणाऱ्यांना गावात आले की हेच विचारा: पाच लाखाचं राहू द्या साहेब, महिन्याची गोळी कुठंय?

ती मिळेपर्यंत गप्प बसायचं नाही.

जमीन आमच्या हक्काची, औषधही आमच्या हक्काचं!
जिंदाबाद!