नऊ महिने थांबा!

आमच्या डहाणूकर कॉलनीतल्या सोसायटीत, शेजारच्या विंगमध्ये एका मुलाला गोवर झाल्याचं कळलं आणि माझी हिंजवडीची बस चुकली. लेक सात महिन्यांची, लस नऊ महिन्यांनंतर. मधले दोन महिने काय देवावर हवाला? 'आजच टोचा' म्हणत डॉक्टरांकडे धडकलो. डेडलाइनच्या आधी काम उरकायची सवय, दुसरं काय!

डॉक्टर हसले. "तिच्या रक्तात अजून आईचा पहारा आहे."

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या अँटिबॉडीज नाळेतून भरभरून बाळाकडे जातात. बाळाची स्वतःची फौज तयार होईपर्यंतची ही उसनी शिबंदी. आता गंमत बघा. गोवरची लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. तो अंगात थोडा वाढला, तरच बाळाची फौज त्याला ओळखायला शिकते. आईचा पहारा त्याला दारातच गारद करतो आणि लस वाया! नऊ महिन्यांनंतर दिली तरी पहिला डोस 100 पैकी साधारण 85 बाळांनाच लागू पडतो, म्हणून दुसरा.

मग दीड महिन्याची असताना दिलेली पाच रोगांवरची लस? तिच्यात मेलेले जंतू, तुकडे, निकामी केलेलं विष. वाढायचा प्रश्नच नाही. पण नवखी फौज एका तासात शिकत नाही, म्हणून 6, 10 आणि 14 आठवड्यांना शिकवणी.

"आमच्या वेळी वर्षभर बाळांना गोवर शिवायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. तथ्य आहे त्यात! त्यांना स्वतःला गोवर येऊन गेलेला, त्यामुळे लेकीला साठा भरपूर मिळाला. बायकोला नुसती लस. तिने दिलेला साठा लवकर आटतो. 2022 मध्ये गोवंडीत साथ आली, तेव्हा केंद्राने साथीच्या भागांत सहा महिन्यांपुढच्या बाळांना जादा डोस द्यायला सांगितलं होतं. तो हिशेबात न धरता, पुढचे डोस ठरल्या वेळीच. आमच्याकडे साथ नव्हती, लेकीची त्या मुलाशी गाठही पडली नव्हती. थांबलो. हडपसरच्या सीरमची गोवरची लस साता समुद्रापार जाते, कोथरूडला मात्र दोन महिने!

शेवटी टोचली. त्या रात्री ताप नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी निर्धास्त. आठव्या रात्री, नेमकी प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी, कपाळ गरम. विषाणू वाढायला तेवढे दिवस घेतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच विसरलो. दोन दिवसांत ताप उतरला.

पुढचा डोस पंधराव्या महिन्यात. बॉसला आताच सांगून ठेवलंय, त्या पंधरवड्यात प्रेझेंटेशन नको.